निम्मी वाट

"दादा, कुठवर आलास?" राजेश्रीचा फोन आला तेव्हा गोपाळ सेलूतल्या घरी बुटाच्या नाड्या बांधत होता. एक बांधून झाली होती, दुसरी त्यानं पुन्हा सोडली.

"निघालोय," तो म्हणाला. "निम्म्या वाटंवर हाय."

हे शब्द त्याचे नव्हते. अकरा वर्षांपूर्वी त्याचा बाप, बन्सीधर, दवाखान्यात शेवटचे श्वास ओढत होता. थोरल्या भावाशी, आबासाहेबाशी, बांधावरून तुटलेलं बोलणं मरायच्या आधी सांधावं, एवढंच त्याचं मागणं होतं. आबा फोनवर म्हणायचा, "निघालोय रे, निम्म्या वाटंवर हाय." तीन दिवस तो निम्म्या वाटेवरच राहिला. बाप दाराकडं बघत बघत गेला, आणि ते उघडे डोळे गोपाळनं मिटवले.

आता गावाकडं आबाची पाळी आली होती. छातीत घरघर लागलेली, आणि तोंडी एकच हट्ट: शेवटचं पाणी पुतण्याच्या हातचं. पोटची लेक राजेश्री उशाशी पाण्याची वाटी घेऊन बसलेली, पण तिच्या हातचं नको.

गोपाळ कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा. ग्रीकांनी काळाचा विचार कसा केला, हा धडा निघाला की पोरं जांभया द्यायची. झेनोचं कोडं आलं की मात्र जागी व्हायची. धावणाऱ्याला आधी निम्मं अंतर कापावं लागतं, मग उरलेल्याचं निम्मं, मग त्याचंही निम्मं. निम्मं काही संपत नाही, म्हणून माणूस काही पोचत नाही. दुसऱ्या दिवशी तो अ‍ॅरिस्टॉटलचं उत्तर सांगायचा: अरे, चालणारा निम्म्यावर थांबतो कुठं? तो थांबला, तरच ते निम्मं खरं होतं.

आज गोपाळनं थांबायचं ठरवलं होतं.

पाथरी मागं टाकल्यावर त्यानं एका टपरीवर मोटारसायकल लावली, चहा मागवला आणि त्यावर साय धरेपर्यंत नुसता बघत बसला. पुढं उरलेल्या वाटेच्या निम्म्यावर पुन्हा उतरला. वेचणी झालेलं कापसाचं रान, पऱ्हाटीला अडकलेला एखादा पांढरा बोंडाचा धागा, वर दुपारचं मवाळ ऊन. किती दिवसांनी त्याला एवढं निवांत वाटत होतं! अकरा वर्षं छातीशी धरून ऊब दिलेलं सुडाचं जनावर आज पहिल्यांदा पोटभर चरत होतं.

फोन वाजला. "दादा, आबाचं तोंड कोरडं पडायलंय. ये की रे लवकर."

"आलोच. निम्म्यात हाय."

"मघाशी बी निम्म्यातच व्हतास!"

"हे त्याच्या पुढचं निम्मं."

राजेश्रीनं फोन ठेवून दिला. लहानपणी दोघं एका ताटात जेवलेली. तिला त्याच्या आवाजातला डाव ओळखू येत होता.

वेशीत तो थांबला. गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून थांबला. गाव ओस पडल्यासारखं होतं. तरणी माणसं ऊसतोडीला गेलेली. ओट्यावर तूर निवडणारी नर्मदाबाई म्हणाली, "काय गुर्जी, गाडी बिघडली का पाय बिघडले?"

तो पुढं झाला. आबाचं दार आता शंभर पावलांवर होतं. पन्नास चालून तो लिंबाखाली उभा राहिला. मग पंचवीस.

आणि दारातून बाज बाहेर आली.

एका पायाला राजेश्री, दोन पायांना भावकीतले दोन म्हातारे. चौथा कोपरा मातीत फरफटत होता, तो उचलायला नर्मदाबाई सूप टाकून पळाली. गोपाळनं सगळी वाट आपल्याच पावलांनी मोजली होती. समोरचा माणूसही निघेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

बाज त्याच्या पुढ्यात टेकली. आबा म्हणजे गोधडीखाली ठेवलेलं चिपाड. डोळे तेवढे जिवंत.

"तू येईनास... म्हणून मीच आलो," तो म्हणाला. मग बराच वेळ श्वास गोळा करत राहिला. "बन्सीकडं मी निघालोच न्हवतो रे. घरीच व्हतो. शेंगा फोडत. तू निदान निघालास तरी."

इतकी वर्षं गोपाळनं आबाला कुठल्यातरी रस्त्यावर, कुठल्यातरी फाट्यावर अडलेला पाहिला होता. रस्ताच नव्हता. बाप ज्या वाटेकडं डोळे लावून होता, ती वाटच नव्हती.

राजेश्रीनं वाटी त्याच्या हातात दिली. आबानं तोंड उघडलं. गोपाळनं वाटी त्या ओठांकडं नेली, आणि निम्म्यावर हात थांबवला.

तो आबाचे श्वास मोजू लागला. काळ म्हणजे हालचालीची मोजणी, असं तो फळ्यावर लिहायचा. मोजणारा नसेल तर काळ असेल का, असा प्रश्न परीक्षेत घालायचा. एक. दोन. आबा त्याच्याकडं बघत होता. रागानं नाही, विनवणीनंही नाही. दाराकडं बघावं तसा. नऊ. दहा. नर्मदाबाई कुजबुजली, "अरे घाल की लेकरा!" चौदा. पंधरा. सतराव्यानंतर मोजायला काही आलं नाही.

वाटी काठोकाठ भरलेली होती.

राजेश्रीनं ती त्याच्या बोटांतून सोडवून घेतली. बापाच्या तोंडात तिनंच पाणी घातलं. ते गालावरून उशीवर ओघळलं. तिनं पदरानं पुसलं. मग मागं न बघता म्हणाली, "झालं न्हवं मनासारखं? जा आता. अख्खी वाट मोकळी हाय."

गोपाळ गल्लीच्या तोंडाशी गाडीपाशी आला. किल्ली उजव्या खिशात होती, पण उजवा हात अजून तसाच अधांतरी, कोपरात वाकलेला. तो खाली येईना. शेवटी त्यानं डाव्या हातानं किल्ली काढली.