सहा-सहाचा साक्षात्कार

रविवारी क्लबात पाय ठेवायला जागा नव्हती. टायरच्या दुकानावरची ती लांबट खोली एरवी जांभया देणाऱ्या चार खेळाडूंची. आज माणसं खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसली होती. मधल्या टेबलाशी महाराज डोळे मिटून पुटपुटत होते. पुटपुटणं संपलं, मुठीतून फासे सुटले, डाव्या हाताची थाप पटाशेजारच्या घड्याळावर पडली आणि खोलीभर सुस्कारा उमटला. पुन्हा सहा-सहा.

"फाशात प्राण असतो," महाराज म्हणाले. "एकेक ठिपका म्हणजे ऊर्जेचं द्वार. मी कुठे फेकतो? विश्व फेकतं. मी नुसता हात उसना देतो."

विश्वाला त्या दिवशी दुसरं काही काम नसावं.

मी शाळेत खेळ शिकवते. शिट्टी आणि स्टॉपवॉच ही माझी दैवतं, त्यामुळे मला त्या खोलीत घडणारी प्रत्येक गोष्ट टोचत होती. बॅकगॅमन हा दोघांचा खेळ. फाशांवर पडेल तितकी घरं सोंगट्या पळवायच्या आणि समोरच्याच्या आधी पटाबाहेर काढायच्या. क्लबचे नियम भिंतीवर लावलेले होते. फासे डबीत खुळखुळवून टाकायचे, पटावर गडगडले पाहिजेत, एखादा तिरका राहिला तर दोन्ही पुन्हा. सोंगट्या हलवल्या की घड्याळाचं बटण दाबायचं. तोवर आपली वेळ चालू. ज्याची वेळ संपली तो हरला.

महाराजांना यातलं काहीच लागू नव्हतं. डबीत प्राण गुदमरतो म्हणून फासे उघड्या हाताने. मंत्राला काळाचं बंधन नाही म्हणून मंत्र संपेपर्यंत घड्याळ बंद. संपला की ते स्वतः थाप मारून चालू करणार. कापड दुकानवाले आमचे अध्यक्ष, गिऱ्हाइकाला मीटरभर कापड देतानाही दोनदा मापणारे, त्यांनी ही सवलत हात जोडून दिली. देवमाणसाला कुठे नियम दाखवायचे, असं सगळ्यांनाच वाटलं.

हे मी हसण्यावारी नेलं असतं. पण माझा दादा त्यांच्याशी खेळला होता.

दादा दातांचा डॉक्टर. क्लबातला सगळ्यात चांगला खेळाडूही तोच. हरल्यावर त्याने एवढंच विचारलं, "महाराज, डबी का वापरत नाही?" महाराजांनी त्याचं मनगट धरलं, डोळे पांढरे केले आणि भरल्या खोलीत सांगितलं, "या हातात दोष शिरलाय. हा हात ज्याला लागेल त्याचं नासेल."

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्याचा जिना ओस पडला. दादा रोज सकाळी अवजारं उकळून ट्रेमध्ये मांडायचा आणि संध्याकाळी तशीच उचलून ठेवायचा. पुढे त्याने तेही सोडलं. वहिनी म्हणाली, "अहो, तुम्ही तरी असं मनावर घेऊ नका." तर म्हणाला, "एवढी माणसं उगाच म्हणतील का?" शिकलेला माणूस, माझा भाऊ, आपल्याच हाताकडे चोरासारखा बघत होता. त्या क्षणी मी ठरवलं. मला नुसता न्याय नको होता. मला त्या माणसाची फजिती हवी होती, आणि तीही भरल्या खोलीत.

मग मी दर रविवारी जाऊन बसू लागले. सगळे महाराजांच्या चेहऱ्याकडे बघत, मी बोटांकडे बघायची. घरी येऊन जेवणाच्या टेबलावर तेच करून बघायची. बोटं दुखली, वहिनीने वेड्यात काढलं, पण मला ते जमलं.

क्लबच्या स्पर्धेचा अंतिम सामना महाराज आणि अध्यक्ष यांच्यात होता. मी पंच होऊ का, असं विचारल्यावर अध्यक्ष प्रेमाने म्हणाले, "व्हा ना ताई. जवळून बघाल तर तुमचाही विश्वास बसेल." दादाला मी दंडाला धरून आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं.

महाराजांनी डोळे मिटले. अध्यक्षांचा हात घड्याळाकडे गेला.

"घड्याळ थांबणार नाही," मी म्हटलं. "आणि ही डबी."

महाराज मंद हसले. "बाळ, अनंताला डबीत कोंडतेस?"

"अनंताला नाही हो. दोन फाशांना."

त्यांनी डबी हलवली. तीन-एक. मग दोन-एक. मग चार-दोन. मध्येच त्यांनी फासे मुठीत घेतले, मी ते परत डबीत टाकायला लावले. ते मंत्र म्हणू लागले, घड्याळ चालतच राहिलं. अध्यक्ष सुरुवातीला हरण्याच्या तयारीने हात जोडून खेळत होते. आपण जिंकतोय हे दिसल्यावर मात्र हात सुटले, बाह्या वर गेल्या आणि भक्ती पार मावळली. शेवटी महाराजांची वेळ संपली तेव्हा ते अजून पुटपुटतच होते.

"या बाईच्या अविश्वासाने शक्ती आटली," महाराज उठत म्हणाले.

"मग ती माझ्यात आली असेल. बसा, बघू या." मी घड्याळ थांबवलं, डोळे मिटले आणि गंभीरपणे सतराचा पाढा पुटपुटले. फासे सोडले, घड्याळावर थाप मारली. सहा-सहा.

कुणीतरी नमस्कार केला. मी त्याला हात खाली घ्यायला सांगितलं आणि तेच सावकाश करून दाखवलं. पाढा चालू असताना मुठीत अंगठ्याने फासे फिरवून सहाची बाजू वर आणायची. त्यालाच वेळ लागतो, म्हणून घड्याळ बंद हवं. मग फासे गडगडू द्यायचे नाहीत, सपाट घसरवायचे. ते जागच्या जागी भिंगरीसारखे फिरतात आणि डोळ्यांना गडगडल्यासारखे वाटतात. डबीत हे जमत नाही. एखादा चुकलाच, तर घड्याळावर थाप मारायची. सगळ्यांच्या नजरा तिकडे वळतात, तेवढ्यात करंगळीने फासा उलटायचा.

महाराज दाराकडे सरकले होते. मी त्यांचं मनगट धरलं, दादाचं त्यांनी धरलं होतं तसंच. "मी भविष्य सांगत नाही. फासे घ्या आणि या सगळ्यांसमोर डबीतून एकदा सहा-सहा टाका." त्यांच्या तळव्याला घाम सुटला होता. फासे हातातून निसटून जमिनीवर पडले आणि एक पोरगी खो खो हसली. मग सगळी खोली हसली. खोटं कशाला बोलू, मला ते हसू फार गोड लागलं.

महाराज गेल्यावर अध्यक्ष म्हणाले, "ताई, झालं गेलं विसरून जाऊ."

"तुमचं काय गेलं? उद्या सकाळी दवाखान्यात या. सगळ्यांत आधी तुम्ही."

"पण माझे दात ठीक आहेत."

"ते डॉक्टर सांगतील."

सकाळी अर्धा क्लब जिन्यावर उभा होता. मी दार मुद्दाम उघडं ठेवलं. दादा आधी पुन्हा पुन्हा हात धूत राहिला. मग दिव्याखाली अध्यक्षांनी तोंड उघडलं आणि त्याच्यातला डॉक्टर जागा झाला. त्याने बराच वेळ तपासलं.

"दाढ आतून किडलीय. दुखत नव्हती का?"

"दुखत होती," अध्यक्ष खाली बघत म्हणाले. "पण तुमच्या हाताची भीती वाटली."

"तेव्हाच आला असतात तर वाचली असती. आता काढावी लागेल."

मला जराही वाईट वाटलं नाही. मी जिन्यावरच्या लोकांकडे वळले. "ऐकलंत ना? यापुढे कुणी म्हणालं की सगळ्यांचे नियम मला लावू नका, तर हात जोडू नका. आधी त्याचे हात बघा."

आत दादाने सुई भरली आणि त्यांना तोंड मोठं उघडायला सांगितलं.