उचकीसकट हाक

"आजपासून आवाज काढायला डॉक्टरांची परवानगी आहे म्हणे," आदेइल्दो दारातूनच म्हणाला. "मग एखादी शिवी तरी दे."

जेनिवाल्दाने त्याच्यापुढे कॉफी आपटली आणि मान फिरवली. घशातली गाठ काढल्यापासून ती गप्प होती. गाठ साधीच निघाली, तेव्हा ती आवाज न करता पोटभर रडली होती. जीव वाचला होता. आवाज वाचला की नाही, हे बघायची मात्र तिची छाती होत नव्हती.

आदेइल्दो तिच्या बँडचा ढोलवाला. 'कोरडा नळ' नावाचा तो बँड ब्राझीलमधल्या रेसिफे शहराच्या याच टेकडीवर जन्मला. इथे पाणी लहर लागली तरच यायचं. ज्याला पहिली धार दिसेल त्याने "आलं!" म्हणून ओरडायचं, की गल्ली भांडी घेऊन धावायची. बँडने ती हाक गाण्यात घेतली आणि जेनिवाल्दाच्या गळ्यात घातली. ध्वनिमुद्रणाच्या वेळी तिला नेमकी उचकी लागली, आणि "आ-हिक्-लं!" असंच मुद्रित झालं. गाणं मोर्च्यांत वाजलं, सत्तेवरच्या लोकांना चांगलंच झोंबलं. पुढे बँड पांगला. आदेइल्दो बस चालवू लागला, ती शाळेत स्वयंपाकाला लागली. टेकडीवरची पोरंसोरं मात्र आजही पाणी आलं की उचकीसकट ओरडतात. ती उचकी कोणाची, हे त्यांच्या गावीही नसतं.

"रविवारी शाळेच्या मैदानात बँडनं पुन्हा वाजवायचंय," आदेइल्दो म्हणाला. "तू नसलीस तर ढोल घरीच राहील."

तिने घशावर हात ठेवून नकार दिला.

"गाऊ नकोस. नुसती उभी राहा. तेवढीच शोभा."

ती डोळे वटारते आहे तोच अंगणातला नळ खाकरला. तिचं घर उताराच्या तळाशी, त्यामुळे पाणी आधी तिच्याकडेच यायचं. मागच्या खेपेला तिने बादली बडवली होती. पण इथे पोरं दिवसभर बादल्याच बडवतात, कोणी लक्ष दिलं नाही, आणि शेजारच्या लिंदाउराच्या बाळाचे कपडे न धुता तसेच पडून राहिले.

तिने आदेइल्दोकडे पाहिलं. तो निवांत कॉफी पीत होता. "माझ्याकडे काय बघतेस? ज्याला दिसलं त्यानं ओरडायचं."

तिने तोंड उघडलं. 'आ' आला नाही. 'लं'ही आलं नाही. मधली उचकी तेवढी बाहेर पडली.

भिंतीवरून लिंदाउराचं डोकं वर आलं. "आलं का हो, जेनीबाई?" आणि उत्तराची वाट न बघता ती वळून ओरडली, "आ-हिक्-लं!" वरच्या घरांनी हाक उचलली, बादल्या खडखडत निघाल्या.

जेनिवाल्दाला इतक्या दिवसांनी मोकळा श्वास आला.

"झालं की," आदेइल्दो म्हणाला. "रविवारीही तू तेवढंच म्हण. बाकीचं लोक म्हणतील."

तिने डोळे पुसले, मान डोलावली आणि भरलेली बादली त्याच्या हातात दिली.