कॅरिअरवाली सायकल

सिद्धप्पाची जुनी सायकल गिरणीच्या फाटकातच मोडली. बावीस वर्षं इमानानं चाललेली. सांगाड्याची नळीच तुटली म्हटल्यावर डाग देणाऱ्यानंही हात जोडले. म्हणून रविवारी सकाळी तो सोमलिंगच्या दुकानात गेला. दोघांची ओळख जुनी.

सोमलिंगनं दोन सायकली बाहेर काढल्या. एक काळी, जड, मागं भक्कम कॅरिअर. दुसरी हिरवी, सडपातळ, मागं काहीच नाही.

"अप्पा, सायकल आपल्या चालवण्यावर घ्यावी. डबलसीट, ओझं असलं तर ही काळी. एकट्या माणसाला ही हिरवी, वाऱ्यावानी जाती. आता तुमी..." एवढं बोलून सोमलिंगनं जीभ चावली.

सिद्धप्पाची बायको निंगव्वा श्रावणात तापानं गेली होती. पोरबाळ नव्हतं. घरी दोन ताटल्यांपैकी एक पालथीच असायची. आता बिनकॅरिअरची सायकल घ्यायची म्हणजे ती परत कधी मागं बसणार नाही, हे आपल्याच तोंडानं कबूल करायचं. तेवढंच त्याच्यानं होत नव्हतं.

"आदी काळी बघतो," तो म्हणाला.

त्यानं दांडीवरून, पुढून टांग टाकली, दोन्ही पाय जमिनीला टेकवले आणि थांबला. निंगव्वा आधी बसायची, मग पाठीवर थाप मारून म्हणायची, 'हं, चला की.' मागं माणूस बसवायचं तर मागून टांग टाकता येते होय? बावीस वर्षांत पायाला दुसरी रीत ठाऊकच नव्हती.

"बसलीस का गं?" सिद्धप्पाच्या तोंडून निघून गेलं. भर बाजारात!

सोमलिंग खाली बघत उगाच पाना शोधायला लागला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथं मेली निंगव्वा, आणि खोड राहिली सिद्धप्पाकडं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ती हिरवी आण," तो तुटकपणे म्हणाला.

"मागून टांग टाका, अप्पा. पळवत न्या अन् बसा."

पहिल्यांदा पाय सीटला अडकला. दुसऱ्यांदा धोतर. तिसऱ्यांदा जमलं, आणि काय सांगावं, सायकल नुसती सुटली! त्रेपन्नाव्या वर्षी सिद्धप्पाच्या कानात वारं शिरलं. रेल्वेच्या पुलाचा चढ आला, तोही एका दमात पार. या चढाला निंगव्वाला नेहमी उतरावं लागे. तो पुढं जाई, वर थांबे; ती मागून धापा टाकत, पुलाच्या नावानं खडे फोडत येई. "मेल्यानं एवढा उंच कुणासाठी बांधलाय!" म्हणत परत बसे.

वर पोचल्यावर सिद्धप्पा खाली उतरला. सायकल कठड्याला लावली, तोंड पुसलं आणि चढाकडं बघत उभा राहिला. एक टांगा आला. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेल्या दोघीजणी आल्या. एक मेंढरांचा कळप आला, गेला. खालून आणखी कुणी येत नव्हतं. आपण कुणाची वाट बघतोय हे ध्यानात यायला त्याला बराच वेळ लागला. मग मात्र त्यानं कठडा धरला आणि लहान पोरासारखा रडला.

उतारावरून तो हिरवी हातात धरून चालत आला.

"काय झालं अप्पा? पंक्चर?"

"न्हाय. चांगली हाय. कुणा तरण्या गड्याला दे." त्यानं काळीच्या कॅरिअरवर हात ठेवला. "मला हीच दे."

"अवं, पर मागं नेणार काय तुमी?"

सिद्धप्पानं पुढूनच टांग टाकली, दोन्ही पाय टेकवले. या खेपेला त्यानं विचारलं नाही. एक बाई नीट बसून पदर सावरेल, एवढा वेळ तो नुसता थांबला आणि मग सावकाश पायडल मारलं.