एक्केचाळिसावी विहीर

रिक्षातून उतरलेलं ते गाठोडं पाहून शर्मिलाला आधी वाटलं, म्हातारा लॉन्ड्रीत जायचा तो चुकून आपल्या दुकानात आला. जुन्या चादरीच्या चारी टोकांना गाठ मारलेली, आणि ते ओझं पोटाशी धरून सत्तरी उलटलेला एक उंच माणूस पायरी चढत होता. आत दूधपितं मूल असावं इतक्या हळू त्यानं ते काउंटरवर ठेवलं.

"कॉम्प्युटर हाय. लागत न्हाई."

बिबवेवाडीच्या त्या गल्लीत शर्मिला अठरा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करत होती. वर्ध्याहून लग्न करून पुण्यात आली, नवऱ्याच्या हाताखाली काम शिकली, आणि तो गेल्यावर दुकान तिनंच चालवलं. गाठ सोडून तिनं आतला डबा पाहिला. एकेकाळी काळा असलेला, फ्लॉपीची फट अजून शाबूत.

"काका, याला दुरुस्त नाही करत आता. याला निरोप देतात."

म्हातारा हसला नाही. "ह्याच्यात माझ्या बायकोनं लिवलेलं हाय," तो म्हणाला.

त्यांचं नाव जयसिंग. कात्रजच्या बाजूला त्यांची शेती होती. आता तिथे सात मजल्यांची इमारत उभी होती आणि तिच्याच दुसऱ्या मजल्यावर ते राहत होते. मुलगा बंगळुरूला. त्यानं कॉलेजात वापरलेला हा कॉम्प्युटर घरी पडून होता, त्यावर त्यांची बायको सरुबाई साठीनंतर टायपिंग शिकली. रोज दुपारी चारला चहा झाला की ती बसायची. गावातल्या सगळ्या विहिरी लिहून काढायचं तिच्या मनानं घेतलं होतं. कुठे होत्या, कुणाच्या होत्या, कधी बुजवल्या. गेल्या मार्गशीर्षात ती गेली. तेराव्याला कुणीतरी बटण दाबून पाहिलं तर डबा मेलेला. मग चादरीत बांधून माळ्यावर टाकला.

"मग आत्ताच कशी आठवण झाली?" शर्मिलानं विचारलं.

जयसिंग बाहेर रस्त्याकडे पाहत राहिले. "तीन दिस झालं, दुपारी चारच्या ठोक्याला माळ्यावर पंखा फिरल्यागत आवाज येतोय."

"वायर लावून ठेवली होती का?"

"वायर खाली ट्रंकंत हाय."

एकट्या माणसाचे कान काहीही ऐकतात, हे तिला अनुभवानं माहीत होतं. तिनं स्क्रू काढायला घेतले.

झाकण निघालं तशी धूळ ब्लोअरनं उडवली. पहिली शंका पॉवर सप्लायवर. त्याची हिरवी आणि काळी वायर एका तारेच्या तुकड्यानं जोडली. पंखा फिरायला हवा होता, जागचा हलला नाही. सप्लाय उघडून पाहिला तर आत दोन कपॅसिटर टम्म फुगून फुटलेले, आणि त्यांचा रस सुकून तपकिरी झालेला. म्हणजे हे यंत्र महिनोन्‌महिने मेलेलंच होतं. वायर लावली असती तरी त्याचा पंखा फिरला नसता. हे तिनं जयसिंगांना सांगितलं, जरा जोर देऊनच.

"आसंल," ते म्हणाले. पण मान हलवली नाही.

तिनं दुसरा सप्लाय लावला. तरी डबा गप्प. बटणाचा दोष असेल म्हणून स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं बोर्डावरच्या दोन पिना जुळवून पाहिल्या. दिवा लागला आणि विझला. रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबरनं घासल्या. बोर्डावरही तीन कपॅसिटर फुगलेले निघाले, ते काढून नवे सोल्डर केले. बोर्डावरचा छोटा गोल सेल मीटरवर धरला, तर तीन व्होल्टऐवजी पाव व्होल्टही नाही. नवा सेल आणायला शेजारच्या दुकानात जावं लागणार होतं. जाण्याआधी एकदा पाहावं म्हणून तिनं जुनाच परत बसवला, दुकानातला मॉनिटर जोडला आणि बटण दाबलं.

एक बारीक शिट्टी वाजली. पंखा फिरला. पडदा उजळला.

जयसिंग स्टुलावरून उठून उभे राहिले, घरात मोठं माणूस आल्यावर उठतात तसे.

शर्मिलाची नजर मात्र पडद्याच्या कोपऱ्यावर खिळली. सेल मेलेला असला की अशा यंत्राचं घड्याळ मागे जातं, थेट बोर्ड बनला त्या वर्षापर्यंत. तिनं शेकड्यांनी पाहिलेलं. इथे आजची तारीख होती. वेळ चार वाजून दहा मिनिटं. तिनं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. चार दहा. इंटरनेटची वायर लावलेली नव्हती, वायफाय या डब्याला नव्हतंच. तिनं उठून उगाच छताच्या पंख्याचा वेग कमी केला.

"विहिरी बघा," जयसिंग म्हणाले. "हायेत का?"

त्याच नावाची फाईल समोरच होती. तिनं उघडली. सरुबाईचं लिखाण नेटकं होतं. नंबर, विहिरीचं नाव, मग पत्ता, आणि शेवटी पाण्याची चव. 'सात. तांबटाची विहीर. म्हसोबाकडे पाठ करून मावळतीला एकशे दहा पावलं. पाणी गोड.' 'अठरा. वाण्याची. पाणी मचूळ, डाळ शिजत नसे.' शर्मिला मोठ्यानं वाचत गेली. जयसिंग ओठांतल्या ओठांत तिच्याबरोबर म्हणत होते. त्यांना सगळं पाठ होतं.

"चाळीस. पाटलाची बारव. पाणी थंड," तिनं वाचलं, आणि जयसिंगांनी हात जोडले. "झालं. संपलं. चाळीसच हायेत."

"अजून एक आहे, काका."

"न्हाई."

"आहे ना. 'एक्केचाळीस. धाकलीची विहीर. म्हसोबाकडे पाठ करून उगवतीला बत्तीस पावलं. पाणी लागलंच नाही. माती खाली चालली आहे. कट्ट्यावर कुणाला बसू देऊ नका.'"

जयसिंग स्टुलावर बसले नाहीत, कोसळले. शर्मिलानं पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली, तर ती तशीच हातात राहिली.

"हे नाव तिला ठावं नव्हतं," ते म्हणाले. "कुनालाच न्हाई. माझ्या बापानं ती खणली, पाणी लागलं न्हाई म्हणून तशीच सोडली. आई-बाप गेलं, मग एकट्या मलाच ठावं. सरुला मी कधी बोललो न्हाई. पन्नास वर्षांत न्हाई."

शर्मिलानं फाईलची माहिती उघडली. शेवटचा बदल परवा, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. परवा हा डबा माळ्यावर होता, फुटक्या कपॅसिटरसकट. एखादं कारण सापडावं म्हणून तिनं डोकं खाजवलं. घड्याळ चुकलं म्हणावं, तर ते मिनिटाला बरोबर होतं. शेवटी तिनं तेवढं पान छापलं आणि घडी करून त्यांच्याकडे दिलं.

"कट्टा म्हणजे कुठला, काका?"

"आमच्या सोसायटीतला. पाच वाजता समद्या बाया येऊन बसत्यात. पोरं खेळत्यात." ते उठले. "ताई, तुम्ही माझ्यासंगं चला. माझं पाऊल लांब पडतं. सरुचं पाऊल तुमच्याएवढं व्हतं."

खरं तर तिनं नाही म्हणायला हवं होतं. चार मशिनं दुरुस्तीला पडून होती. तिनं शटर ओढलं आणि त्याच रिक्षात बसली.

इमारतीच्या फाटकाशी शेंदूर फासलेला म्हसोबाचा दगड होता. बिल्डरनं सगळं उखडलं, पण याला हात लावायची त्याची छाती झाली नव्हती. शर्मिला दगडाकडे पाठ करून उभी राहिली आणि चालू लागली. जयसिंग शेजारून मोजत होते. दहा, अकरा. सिमेंटच्या ठोकळ्यांची फरसबंदी, दोन्ही बाजूंना स्कूटरी. वीस, एकवीस. समोर कट्टा दिसत होता. त्यावर पाच-सहा बायका शेंगा सोलत गप्पा मारत होत्या, आणि खाली दोन मुली खडूनं चौकोन आखत होत्या. एकतीस. बत्तिसाव्या पावलाला तिचा पाय कट्ट्याच्या पायथ्याशी पडला आणि तिथला ठोकळा एका बाजूनं दबला. अगदी थोडा, करंगळीच्या पेराएवढा. फटीतून थंडगार हवा तिच्या घोट्याला लागली. बंद माठाचं झाकण उघडल्यावर येतो तसा वास आला.

तिनं पाय मागे घेतला. 

"इथून उठा," तिनं बायकांना सांगितलं. "मुलींना घ्या. उठा आधी."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. गलका ऐकून सोसायटीचे अध्यक्ष रंगनाथ आले. बँकेतून निवृत्त झालेले, शर्टाच्या खिशात दोन पेनं. जयसिंगांनी खिशातला कागद काढून, सरुनं लिवलंय म्हणत, त्यांच्यापुढे धरला. रंगनाथांनी तो चष्म्याखालून वाचला.

"अहो जयसिंगराव, सरुबाई जाऊन दहा महिने झाले. आता सोसायटीच्या कारभाराच्या सूचना तिकडून येणार का? आणि असल्या, तरी सर्वसाधारण सभेत मांडाव्या लागतील."

दोघीतिघी हसल्या.  स्वतःचाच ज्यावर विश्वास नाही, ते दुसऱ्याला कसं पटवायचं? "हा ठोकळा माझ्या पायाखाली दबला," एवढंच शर्मिला म्हणाली.

"पुण्यातला कुठला ठोकळा दबत नाही, बाई?"

जयसिंगांनी टोपी काढली. उघड्या डोक्यानं ते एकदम फार म्हातारे दिसले.

"कागद ऱ्हाऊ द्या, साहेब. मी सांगतो. हितं विहीर व्हती. सत्तर फूट. बांधकाम नव्हतं तिला, नुसती मातीची. माझी धाकटी बहीण पाच वर्षांची व्हती, ती हिच्यात पडली. तिला माझ्यापाशी ठेवून आई शेतात भांगलायला गेली व्हती. मी आठ वर्षांचा. पेरूच्या झाडावर चढलो व्हतो. वरनं मला ती दिसली, कडेला वाकलेली. मी हाक मारली. माझ्या हाकंला ती दचकली, साहेब." त्यांनी दबलेल्या ठोकळ्याकडे बोट केलं. "बापानं काट्याकुट्यानं विहीर बुजवली. वर माती टाकली. नाव घ्यायचं न्हाई म्हणाला. जमीन विकताना बिल्डरनं इचारलं, काही हाय का खाली? मी न्हाई म्हणालो."

कुणी हसलं नाही. एका बाईच्या हातातल्या शेंगा परातीत पडल्याचा आवाज तेवढा झाला.

रंगनाथांनी वाकून त्या ठोकळ्याकडे पाहिलं. मग त्यांनी कागदाची घडी घालून जयसिंगांना परत दिली आणि वेगळ्याच आवाजात म्हणाले, "मुलांना वर न्या. वॉचमन, दोरी आण. स्कूटरी हलवा. जवळ कुणी जायचं नाही."

दोरी बांधून होते ना होते तोच, सहाला वीस मिनिटं असताना, कट्टा खाली गेला. धडाका नाही की धूळ नाही. खोल कुठूनतरी कुणी दीर्घ श्वास घ्यावा तसा आवाज आला, ठोकळे आत ओढल्यासारखे सरकले, आणि सगळा कट्टा तिरपा होऊन दिसेनासा झाला. तो तळाला आदळल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला की एक बाई मोठ्यानं रडू लागली. तिची मुलगी तिला बिलगून उभी होती, हातात अजून खडू होता.

जयसिंग दोरीला धरून खाली पाहत होते. त्यांचे ओठ हलत होते, पण शर्मिलाला शब्द ऐकू आले नाहीत. तिनं ऐकायचा प्रयत्नही केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दुकान उघडलं तेव्हा डबा काउंटरवर तसाच होता. तिनं बटण दाबलं. काही नाही. नवा सेल घातला, तिसरा सप्लाय लावून पाहिला, मीटरनं एकेक जागा तपासली. सगळीकडे वीज जशी हवी तशी पोचत होती, तरी पंखा हलला नाही. शेवटी तिनं हार्ड डिस्क काढली आणि स्वतःच्या मशीनला जोडली. फाईल उघडली. शेवटची ओळ पाटलाच्या बारवेची होती. पाणी थंड. त्याखाली कोरं. शेवटचा बदल गेल्या कार्तिकातला, सरुबाई जिवंत होती तेव्हाचा.

 तिनं जयसिंगांना फोन लावला.

"काका, तो कागद आहे ना तुमच्याकडे?"

"हाय की. देवाऱ्यात ठेवलाय." मग ते म्हणाले, "ताई, एक काम हाय. उद्या खड्ड्यात काँक्रीट वतणार हायेत. त्याच्या आधी मला त्यात सोडायला एक वस्तू घ्यायचीय. मला त्यातलं कळत न्हाई."

संध्याकाळी दोघं गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कपड्यांच्या दुकानात गेले. जयसिंगांना परकर-पोलकं हवं होतं. दुकानदारानं पाच-सहा पेट्या काढून समोर मांडल्या आणि विचारलं, "केवढी आहे मुलगी?"

"पाच वर्षांची."

"अंगानं?"

जयसिंगांनी हात जमिनीपासून वर उचलला, कमरेच्या जरा खाली धरला, मग किंचित अजून खाली घेतला. "एवढी. हिरवा रंग आवडायचा तिला."

"नात का?"

"बहीण," जयसिंग म्हणाले.

दुकानदारानं एकदा त्यांच्याकडे आणि एकदा शर्मिलाकडे पाहिलं. पुण्यातला दुकानदार असूनही तो पुढे काही बोलला नाही. त्यानं हिरवं परकर-पोलकं नीट घडी करून कागदात गुंडाळलं.

"नाव काय तिचं, काका?" बाहेर आल्यावर शर्मिलानं विचारलं.

जयसिंग रस्त्याच्या कडेला उभे राहिले. किती वर्षांनी ते नाव तोंडातून काढायचं होतं. दोन बस गेल्या.

"गजरा," ते म्हणाले. "गजराबाई न्हाई. नुसती गजरा."