माझ्या अंगावरची नदी

चालू शैक्षणिक वर्षातील फेब्रुवारी महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळच्या सत्रात, उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधील एका शाळेत, इयत्ता सहावीच्या वर्गात एक घटना घडली. तिला साक्षीदार पुष्कळ होते. पण ती माझ्या अंगावर घडली, म्हणून ती सांगण्याचा पहिला अधिकार माझा आहे, असे मी मानतो. त्या धक्क्यातून मी अद्याप सावरलेलो नाही.

मित्रांनो, मी एक जुना गुंडाळफळा आहे. तुमच्या वर्गात भिंतीवर बसलेला फळा तो माझा थोरला भाऊ. त्याला जागचे हलता येत नाही; मला मात्र चटईसारखे गुंडाळून काखेत मारता येते आणि खिळा असेल तिथे टांगता येते. जाड कॅनव्हासचा तुकडा, त्यावर काळ्या रंगाचे दोन हात, वर आणि खाली लाकडी दांडा, टांगायला सुतळी, एवढीच माझी कुळकथा. माझ्या कडा याच कॅम्पातल्या एका जीन्सच्या कारखान्यात शिवल्या गेल्या. कारागिराकडे त्या दिवशी काळा दोरा नव्हता, म्हणून त्याने जीन्सच्या खिशांवर घालतात तोच पिवळा दोरा घातला. तेव्हापासून माझ्या काळ्या अंगाला पिवळी दुहेरी किनार आहे. कोणी तिला विजोड म्हणेल; मी तिला दागिना म्हणतो.

मला आणले ते छात्राध्यापक संघाने. छात्राध्यापक म्हणजे कोण? जो स्वतः अजून विद्यार्थी आहे, पण पुढे शिक्षक व्हायचे म्हणून शिकवायला शिकतो आहे, तो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथल्या अशा मुलामुलींनी मिळून हा संघ काढला. अंबरनाथला एका शाळेने दिलेल्या खोलीत त्याचे बिऱ्हाड आहे. सभासदाला संघाच्या कपाटातले साहित्य पाठासाठी नेता येते: पृथ्वीचा गोल, तक्ते, तराजू आणि मी. ज्याला सरावासाठी शाळा मिळत नाही, त्याच्यासाठी संघ शाळा शोधतो. वर्षातून एकदा सगळे अंबरनाथच्या शिवमंदिरासमोर बसून चित्रे काढतात आणि तीच पुढे इतिहासाच्या पाठाला लावतात. आणि दर शनिवारी टीकापाठ होतो.

हा टीकापाठ पाहण्यासारखा असतो. एक सभासद शिक्षक होतो. उरलेले, चांगले मिशा फुटलेले आणि साड्या नेसलेले, सहावीची मुले होतात. चिठ्ठी टाकून एकाला वर्गातले खोडकर पोर केले जाते. त्याने खोड्या काढायच्या आणि शिकवणाऱ्याने त्या निस्तरायच्या. पाठ संपला की सगळे पुन्हा मोठे होतात आणि चुका सांगतात. नियम एकच: खोडकर पोराने फळ्यावर जे काही केले असेल, ते त्यानेच पुसून जायचे.

कपाटाच्या दारावर पांढऱ्या रंगात एक वाक्य लिहिलेले आहे: ‘सभासदाचा पाठ तो संघाचा पाठ.’ त्या वाक्याकडे पाहून मी स्वतःला भाग्यवान समजत असे. माझ्यावर कितीतरी पाठ झाले. हृदयाचे चार कप्पे माझ्यावर उघडले, शिवरायांचे किल्ले माझ्यावर उभे राहिले, अपूर्णांकांनी माझ्यावर भाकरीचे तुकडे केले. ‘फळा कसला, काळी माय आहे ही!’ असे एक बाई म्हणाल्या होत्या. मग संघात प्रोजेक्टर आला. मी कपाटामागे गेलो. कोळ्यांनी माझ्या दांड्यावर घरे केली. जुन्या वस्तूंचे असेच होते, म्हणून त्याची तक्रार करत नाही. माझी तक्रार दुसरी आहे.

यंदा मला बाहेर काढले ते प्राचीने. ती बदलापूरच्या पलीकडच्या एका शेतकरी गावातली. गेल्या वर्षी वार्षिक पाठाला परीक्षकांसमोर तिची वाचाच बसली. तोंडातून शब्द फुटेना. पाठ बुडाला आणि त्याबरोबर वर्षही. यंदा ती त्याच पाठाला पुन्हा बसणार होती. हाही बुडाला, तर शिक्षिका होण्याचा विचार सोडून द्यायचा, असे तिने घरी सांगून टाकले होते. कॅम्पातल्या वर्गात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, म्हणून तिने प्रोजेक्टर नाकारला आणि मला मागून घेतले. तिने माझी धूळ पुसली, उडालेल्या जागी नव्याने काळा रंग दिला, आणि माझ्यावर खडूने उल्हास नदीचा नकाशा काढला. वर डोंगर, तिथून वळणे घेत निघालेली निळी नदी, काठाला बदलापूर, शहाड, कल्याण, आणि शेवटी खाडी. सारी दुपार तिने त्यात घातली. माझ्या आयुष्यात माझ्यावर इतके नीट कोणी लिहिले नव्हते.

तिचा वार्षिक पाठ सोमवारी होता; त्याआधीच्या शनिवारी तिचा टीकापाठ झाला. खोडकर पोराची चिठ्ठी कमलेशला आली.

“बाई, बाई, मला शू लागली!” कमलेश बाकावर उभा राहून ओरडला.

“जाऊन ये, आणि येताना तुझी अक्कलही घेऊन ये. सकाळपासून बाहेरच विसरलायस,” प्राची म्हणाली. वर्ग हसला. गेल्या वर्षीची मुकी मुलगी ती हीच का, असे मला वाटले. माझा दांडासुद्धा अभिमानाने ताठ झाला.

पाठ अर्ध्यावर असताना तिचा फोन वाजला. शाळेच्या मुख्याध्यापिकांना सोमवारची वेळ कळवायची होती. खोलीत आवाज नीट येईना, म्हणून ती गॅलरीत गेली. कमलेश उठला, त्याने खडू घेतला आणि माझ्याकडे आला.

मित्रांनो, त्याने काय केले ते ऐका. त्याने गावांची नावे तळव्याने पुसली. डोंगराचे नाक केले. त्याला मोठे डोळे दिले, गालांचे दोन फुगे काढले. आणि ती निळी, वळणावळणाची नदी होती ना, तिची त्याने वेणी केली. हुबेहूब प्राची. खाली लिहिले, ‘भातलावणी बाई’.

खोली हसण्याने दणाणली. पण खरा धक्का मला त्या चित्राचा बसला नाही. खोड्या काढणे हे त्या दिवशी कमलेशचे नेमलेले काम होते, एवढे मी मान्य करतो. संघाची अध्यक्षा वैदेही पोट धरून हसत होती, ते पाहून मी हादरलो. तिनेच ते कपाटावरचे वाक्य नव्याने रंगवले होते!

“अरे, पूस ते! येतेय ती!” हसता हसता वैदेही म्हणाली.

“मी का पुसू?” कमलेश म्हणाला. “मी सहावीत आहे. फळा बाई पुसतात.”

“कमलेश, पुरे आता. पूस.”

“आधी पाठ संपू दे. नियम म्हणजे नियम.”

गॅलरीत चपला वाजल्या. वैदेहीने मला खसकन खिळ्यावरून काढले, भराभरा गुंडाळले आणि सुतळी बांधली.

“अगं, तू कशाला गुंडाळलास?” प्राचीने आत येत विचारले.

“म्हटलं, तेवढीच मदत. पाठ मस्तच चाललाय तुझा, आज एवढा पुरे. नकाशाला आता धक्का नको. थेट सोमवारीच उघड.”

आणि प्राचीने तिचे आभार मानले. मला काखेत घेऊन ती घरी निघाली. ती वळल्यावर मागे सुयोग नावाचा सभासद हळूच म्हणाला, “तिला सांगायला हवं.”

“आता सांगितलं तर ती पुन्हा गप्प होईल,” वैदेही म्हणाली. “मी बघते काहीतरी.”

या युक्तिवादाचा मी फार विचार केला आहे. सांगितले तर ती घाबरेल, हे खरे धरू. पण घरी घाबरली असती तर नकाशा पुन्हा काढायला तिच्या हातात अख्खा रविवार होता. वर्गात घाबरली तर काय होते ते गेल्या वर्षी सर्वांनी पाहिले होते. म्हणजे त्यांना भीती प्राचीच्या घाबरण्याची नव्हती. स्वतःचे तोंड दाखवण्याची होती. याहून वेगळा अर्थ कोणाला लावता येत असेल, तर त्याने तो मला सांगावा.

रविवारी मी प्राचीच्या घरी कोपऱ्यात उभा होतो. तिचे वडील, आण्णा, माझ्याजवळ येऊन बसले.

“काय हाय गो त्यान?”

“आपली नदी हाय, आण्णा.”

“मंग उघर ना. मना तरी दाखव.”

उघड! मी मनात टाहो फोडला. एकदाच उघड! पण फळ्याला आवाज नसतो.

“नको, आण्णा. खडू झरल. उंद्या आल्याव दाखवीन.”

तेवढ्यात तिचा फोन वाजू लागला, आणि वाजतच राहिला. तिने हसून आण्णांना वाचून दाखवले. वैदेही म्हणते, ऑल द बेस्ट. सुयोग म्हणतो, ऑल द बेस्ट. कमलेशने फुले पाठवली आहेत. शुभेच्छा सर्वांनी दिल्या. जे सांगायला हवे होते ते एकानेही सांगितले नाही. उद्या ही माणसे मुलांना खरे बोलायला शिकवणार होती. मी रात्रभर स्वतःभोवती गुंडाळून उभा राहिलो.

आणि तो सोमवार उजाडला. सहावीचा वर्ग भरलेला. खिडकीजवळ बाहेरून आलेले परीक्षक, हरिचंद्र सर, पाठाचे टाचण मांडीवर घेऊन बसलेले. मागच्या बाकावर निरीक्षणासाठी वैदेही, कमलेश आणि सुयोग. प्राचीने मला खिळ्याला टांगले आणि सुतळीला हात घातला. मागच्या बाकावरून वैदेही अर्धवट उठली, तिने तोंड उघडले, आणि ती पुन्हा खाली बसली. मी उलगडलो.

मग पहिल्या बाकावरून एक पोर ओरडले, “बाई, ये तो आप हो!”

साऱ्या वर्गात हशा उसळला. प्राची वळली. तिने मला पाहिले. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडताना मी समोरून पाहिले, आणि मित्रांनो, तो देखावा कोणत्याही फळ्याच्या वाट्याला येऊ नये. तिचे ओठ हलले. आवाज आला नाही. पुन्हा हलले, तरी नाही. हरिचंद्र सरांचे पेन थांबले. गेले, मी म्हटले, हेही वर्ष गेले.

मग तिची नजर खालच्या ओळीवर गेली. ते अक्षर तिने ओळखले. तिने ती ओळ वर्गाला वाचून दाखवली, धडा वाचावा तशी, स्वच्छ आवाजात. “भातलावणी बाई.”

हसणारी मुले बाईंकडे वळली.

“बरोबर आहे,” प्राची म्हणाली. “मी भात लावते. या वर्गात आणखी कोणी लावलाय?”

कॅम्पातली शहरी मुले. कोणाचाच हात वर आला नाही. खूप वेळाने मागच्या बाकावर एक हात हलला, खाली गेला, आणि मग पुरता वर झाला. तो हात कमलेशचा होता. तोही आईबरोबर अंबरनाथजवळच्या गावात दरसाल चिखलात उतरतो, हे त्याने संघात कधी कोणाला कळू दिले नव्हते.

“मागच्या बाकावरचा मुलगा, उभा राहा,” प्राची म्हणाली.

निरीक्षकाने पाठात बोलायचे नसते. कमलेशने परीक्षकांकडे पाहिले. परीक्षक त्याच्याकडेच पाहत होते. तो उभा राहिला.

“भाताला काय लागतं?”

“पाणी, बाई.” या वेळी तो कोणाचे सोंग करत नव्हता.

“तुमच्या गावात ते कुठून येतं?”

“नदीतून, बाई.”

“बस खाली. मुलांनो, आज आपण त्याच नदीचा अभ्यास करणार आहोत.”

तिने फडके घेतले. डोळे पुसले, गाल पुसले, ती ओळ पुसली. वेणीपाशी तिचा हात थांबला. “ही राहू दे,” ती म्हणाली. “हीच उल्हास नदी.”

टाचणातला नकाशा बुडाला होता, गावांची नावे गेली होती. ती आता मुलांनी सांगितली. “शहाडला पुलाखालून दिसते ती?” एका मुलीने विचारले. तीच, प्राची म्हणाली, आणि त्या मुलीलाच शहाड लिहायला बोलावले. मघाशी ओरडलेले पोर उभे राहिले. “बाई, हमारे घर के पीछे वाली नदी तो रोज कलर बदलती है. कधी निळी, कधी काळी.”

“ती वालधुनी. कारखान्यांचं रंगाचं पाणी घेऊन तीही पुढे हिलाच मिळते. ये, काढ. आज सकाळी कोणत्या रंगाची होती?”

त्याने खडूच्या डब्यात बराच वेळ शोधले आणि जांभळा खडू उचलला. माझ्या अंगावर निळ्या नदीला येऊन मिळणारी ती जांभळी रेघ अजून आहे. प्राचीने ती पुसू दिली नाही. संध्याकाळी तिने मला आण्णांसमोर उघडले, तेव्हा त्यांनी आधी त्या रेघेवर बोट ठेवले.

मित्रांनो, माझे मागणे मी आताच सांगून घेतो, कारण शेवटचा शब्द माझा नाही. फळा वापरलात, तर पुसून ठेवा. जे पुसता आले नाही, ते ज्याच्या वाट्याला जाणार आहे त्याला वेळेवर सांगा. शुभेच्छा त्यानंतर दिल्या तरी चालतात.

पाठ संपला तेव्हा हरिचंद्र सर उठून माझ्यापाशी आले. त्यांनी माझी पिवळी किनार बोटांनी चाचपली. “हा फळा कोणाचा?”

“संघाचा, सर,” वैदेही खाली मान घालून म्हणाली. “सभासदांना मिळतो.”

“आणि ते चित्र? तेही सभासदांना मिळतं?”

कमलेश पुढे आला. “ते माझं, सर.”

“गुंडाळलं मी,” वैदेही म्हणाली.

“आणि तुम्हाला माहीत होतं?” सरांनी सुयोगला विचारले. सुयोगने होकारार्थी मान हलवली.

परीक्षकाने निकाल तोंडी सांगू नये, असा संकेत आहे. हरिचंद्र सरांनी टाचण मिटले, पेनाला टोपण लावले आणि तो संकेत मोडला.

“या बाई पास,” ते म्हणाले. “तुमचा संघ नापास.”