भोक बंद, की नोंद बंद?

कुळगीजवळच्या या वाडीत रेंज तेवढी टेकडावरच्या खडकावरच येते. तिथं मांडी घालून, मांडीवर लॅपटॉप घेऊन रक्षिता बसली होती. खाली नदीत तिची आई, फुला, दगड उलटून कुर्ल्या, म्हणजे खेकडे, धरत होती आणि गात होती:

नदीबाई, नदीबाई, हळू टाक पाऊल,
काठावरच्या लेकरांना आधी दे चाहूल.

चाहूल द्यायला आता भोंगा होता. धरणातून पाणी सोडायच्या आधी तो वाजायचा. सॉफ्टवेअरमधली भोकं शोधणं हे रक्षिताचं कामच. या भोंग्यातही तिला एक सापडलं होतं. कुणीही, कुठूनही त्याला मुका करू शकत होतं. तिनं अशा त्रुटींची नोंद ठेवणाऱ्या समितीला कळवलं, आणि नदीच्या उतारावर हिरवी डहाळी बांधली. वाट धोक्याची असली की इथं तसंच करतात. ज्यानं बांधली त्यानंच, धोका टळलेला डोळ्यांनी बघून, सोडायची.

गेल्या आठवड्यात तिच्या नोंदीवर शब्द आला, 'बंद'. रक्षितानं हसत जाऊन डहाळी सोडली.

आज नोंद 'बंद' कधी म्हणायची हा नियम बदलायला समिती ऑनलाइन बसली होती, रक्षितालाही बोलावलं होतं. उदाहरण म्हणून रक्षितानं आपलीच नोंद पडद्यावर उघडली. 'बंद. दुसऱ्या नोंदीत सामील.' ती दुसरी उघडली. भोंग्याच्या कंपनीनं तीच त्रुटी वेगळ्या क्रमांकानं दाखल केलेली. 'बंद. पहिल्या नोंदीत सामील.'

"म्हणजे दोन्ही एकमेकींच्या भरवशावर?" अध्यक्ष सुनयना मॅडमचा आवाज चिरकला.

"मॅडम, बंद काय झालंय? भोक, की नोंद?" रक्षितानं विचारलं.

भोंग्याच्या कंपनीचा निखिल पुटपुटला, "नोंद."

डहाळी रक्षितानं सोडली होती. स्वतःच्या हातानं. न बघता.

लॅपटॉप खडकावर टाकून ती उतारानं धावली.

"आये! भायर ये! आत्ताच्या आत्ता!"

"अगे, कुर्ली हातात हाय, चावंल की!"

"सोड ती!"

लेकीचा चेहरा बघून फुलाचं हसू विरलं. निथळत काठावर आली. "भोंगा तर वाजला न्हाई."

"तो वाजंलच असं न्हाई गे."

"मग डहाळी तूच सोडलीस न्हवं?"

"व्हय." काठावरची हिरवी फांदी मोडून रक्षिता पुन्हा डहाळी बांधू लागली, पण घाईत गाठ बसेना. फुलानं फांदी नुसती धरून ठेवली. गाठ लेकीचीच हवी होती.

धापा टाकत ती खडकावर परतली. सभा अजून चालूच होती.

"मॅडम, नियमात एक ओळ घाला. ज्यानं नोंदवलं, त्यानं बघितल्याशिवाय 'बंद' म्हणायचं न्हाई."

"मग हजारो नोंदी उघड्या राहतील हो," निखिल म्हणाला.

"भोकं उघडीच हायत. निदान दिसतील तरी."

सुनयना मॅडमनी नियमांचा मसुदा पडद्यावर उघडला. मग टाइप केल्याचा आवाज आला. मसुद्यात ती ओळ उमटली. पाठोपाठ रक्षिताची नोंद बदलली. 'उघडी.'

तो शब्द वाचून तिला रडूच फुटलं.

खालून फुलानं हाक दिली, "काय गे, झालं काय? सोडू डहाळी?"

"न्हाई आये! तू न्हाई! अजून न्हाई!"