नाईकाचा न्याय

चोपन्न सालच्या उन्हाळ्यात नागपूरच्या कायद्याच्या प्राध्यापकांनी लखीरामला सुट्टीचं काम दिलं. कायदा नुसता पुस्तकात नसतो, म्हणाले, तुझ्या माणसांचा न्याय लिहून आण. लखीराम नवी वही घेऊन ऐटीत मानोरा गावाजवळच्या आपल्या बंजारा तांड्यावर आला. न्याय तर त्याच्या घरचाच होता. त्याचा बाप गोविंदसिंग तांड्याचा नाईक. सगळ्यांचे तंटे तोच सोडवायचा. कडुनिंबाखाली दिवस दिवस बसून ऐकायचा आणि भांडणारे एका ताटात जेवले की मगच उठायचा.

या खेपेला निंबाखाली म्हैस बांधलेली होती.

“बा, भांडणं सरली का?”

“सरतीन कायले? लोक मंगरूळच्या कोर्टात जातात. म्हनतात, नाईकाच्या पोरालेच कायदा शिकाले नागपूरले जा लागलं, मंग आपल्या तांड्यात कायदा होताच कुठी?”

लखीरामनं घाईघाईनं वही उघडली. “तू जुने निवाडे सांग बा. मी सगळे लिहून घेतो.”

म्हाताऱ्यानं म्हशीपुढे चाऱ्याची पेंढी टाकली.

“काय सांगू?” तो म्हणाला. “दोघं भांडनारे समोर बसल्याबिगर मले काईच सुचत नाही रे.”